हिच, हीच आणि काकांचा कॅम्पर

कॅम्पर ओढत नेताना पेट्रोल वाचवण्याचा खात्रीचा उपाय एकच आहे आणि तो मी स्वतः करून पाहिला आहे. बाकीचे उपायही करून पाहिले, पण त्यांनी फरक पडला तो फक्त घरातल्या माणसांच्या स्वभावात.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहत होतो. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नवरा सुधाकर पुलांची डिझाइनं करणाऱ्या कंपनीत आणि मुलगी प्राची हायस्कुलात (म्हणजे मुक्काम वॉकमनमध्ये). त्या उन्हाळ्यात सासूबाई नागपूरहून पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या. अमेरिकेतल्या उंच इमारती बघून त्यांनी "बरं हाय" एवढाच शेरा दिला. त्यांना बघायचं होतं ते यलोस्टोनचं पाणी.

"जमिनीतून उकळतं पाणी निंगते म्हणते. चूल नाही, लाकडं नाही. मले ते पाहाचं हाय."

सुधाकर म्हणाला, "मोटेलात राहत राहत जाऊ."

मी म्हणाले, "आणि रोज बाहेरचं जेवण? आईंना तीन राज्यांतले बर्गर खायला घालणार? मेश्राम काकांचा कॅम्पर मागू. गाडीमागं जोडायचं घरच ते, त्यात चूल आहे, झोपायला जागा आहे."

"अगं, पण तो ओढायला गॅस किती लागेल!"

(अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात. हे आईंना शेवटपर्यंत पटलं नाही. पंपावर "गॅस झालाय का?" असं कुणी विचारलं, की त्या पिशवीतून ओव्याची पुडी काढायच्या.)

"गॅसचं माझ्यावर सोडा," मी म्हणाले.

"सोडतो. पण मोटेलपेक्षा महाग पडलं, तर ह्यापुढे ह्या घरात काटकसरीवर तू बोलायचं नाही."

माझ्यासारख्या बाईला ही अट म्हणजे पेशव्यांना शनिवारवाडा पणाला लावायला सांगण्यासारखं होतं. मी लावला!

मेश्राम काका म्हणजे आमच्या मंडळींतले सर्वांत जुने डॉक्टर. हे सगळ्यांच्या आधी इथं आलेले, नुकतेच निवृत्त झालेले. मूलबाळ नाही, कॅम्पर होता. घडी मिटली की तो कमरेएवढ्या पेटीसारखा दिसायचा आणि उघडला की त्यातून तंबू वर यायचा. ठेंगणा, त्यामुळे वारा अडत नाही, त्यामुळे गॅस कमी, म्हणून तर मी तो निवडला. काकांनी आम्हाला अंगणात उभं करून शिकवणी घेतली.

"हे बघ मंदा. गाडी आणि कॅम्पर ह्यांना जोडते ती हिच."

"हीच?"

"हो, हीच हिच."

"म्हणजे दुसरी कुठली हिच नाही?"

"हिच एकच असते. हीच ती."

सुधाकर म्हणाला, "काका, हिचं काय करायचं हो?" तो हिचबद्दल विचारत होता की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

काकांनी शेवटी कॅम्परच्या पाठीवर थाप मारली, डोळे पुसले आणि बजावलं, "ओरखडासुद्धा पडता कामा नये. आणि रोज एक फोन कर. माझ्यासाठी नाही, ह्याच्यासाठी."

प्रवासाच्या आदल्या आठवड्यात मी घरात वजनबंदी जाहीर केली. बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आणला आणि प्रत्येक वस्तू त्यावरून जाऊ लागली. प्राचीच्या कॅसेट्स निम्म्या झाल्या. सुधाकरचे बूट एका जोडीवर आले. आईंच्या पिशवीतून लोखंडी खलबत्ता निघाला. तो त्यांनी नागपूरहून विमानानं आणला होता.

"आई, हा इथंच ठेवायचा. वजन म्हणजे गॅस."

"काऊन वो? लसूण काय दातानं ठेचू?"

खलबत्ता मी कपाटात ठेवला. मग कॅम्पर हलका व्हावा म्हणून त्यातल्या गाद्या, पाण्याचे कॅन आणि डाळ-तांदळाचे डबे गाडीत हलवले. सुधाकर बराच वेळ बघत होता.

"मंदा, वजन तेवढंच आहे. फक्त त्यानं जागा बदलली."

"पण कॅम्पर हलका झाला ना?"

इंजिनिअर माणूस. उरलेला कॅन उचलून त्यानं गाडीत ठेवला.

आणि निघालो! एसी बंद, कारण एसी गॅस खातो. वेग पंचावन्नच्या वर नाही, कारण वेग गॅस खातो. मोठमोठे ट्रक भोंगे वाजवत आम्हाला ओलांडून जात होते. एकदा तर एका सायकलवाल्यानं आमच्याकडे आशेनं पाहिलं. आयोवा राज्य संपेचना. प्राची म्हणाली, "मॉम, आय वॉज यंग व्हेन वी स्टार्टेड." गाडी गाद्यांनी छतापर्यंत भरली होती, काचा उघड्या, गरम वारा तोंडावर आणि मधल्या आरशात फक्त आमच्या उशा. एवढं करूनही गॅसचा काटा खालीच धावत होता. प्रत्येक पंपावर सुधाकर नुसता शीळ घालायचा. त्या शिट्टीतच शनिवारवाड्याच्या किल्ल्या वाजत होत्या.

साउथ डकोटातल्या एका कॅम्पग्राउंडवर मुक्काम केला. शेजारी एक म्हातारं अमेरिकन जोडपं होतं, त्यांचा ट्रेलर आमच्या घराएवढा. आईंना इंग्रजी येत नाही, त्या आजीबाईंना वऱ्हाडी येत नाही. दोघी संध्याकाळभर गप्पा मारत होत्या. आईंनी त्यांना झुणका खाऊ घातला, त्यांनी आईंना पाय दिला. (खायचा पाय. सफरचंदाचा.)

सकाळी निघायची तयारी. आमच्याकडे कामाची वाटणी पक्की होती. सुधाकरनं गाडी मागं घेऊन कॅम्परच्या तोंडाशी आणायची आणि हिच लावायची मी. त्यानं लावली तर मला चैन पडत नाही. तो पूल बांधतो, ते मला माहीत आहे, तरीही.

त्या दिवशी त्यानं गाडी मागं आणली, कॅम्परपासून वीतभर अंतरावर थांबवली आणि इंजिन बंद केलं, कारण उगाच चालू इंजिन गॅस खातं, हे त्याला आता पाठ झालं होतं. "ऑफिसात पैसे भरून येतो, मागचं तेवढं बघ," असं म्हणून तो गेला. मी स्टोव्ह पुसत होते. 'मागचं बघ' हे मला ऐकूच आलं नाही. गाडी मागं घेतल्याचा आवाज तेवढा आला, रोजच्यासारखी हाक आली नाही आणि आज स्वारी फारच उत्साहात आहे, म्हणजे हिचही तोच लावतोय, असं मी धरून चालले.

गाडी चालवायची पाळी माझी होती. मी स्टिअरिंगवर जाऊन बसले आणि मांडीवर नकाशा पसरला. आई मागच्या सीटवर गुडघे टेकून, पाठीमागच्या काचेला चादर बांधत होत्या. हेही माझंच फर्मान : एसी नाही, म्हणून ऊन अडवायला चादर. मी त्यांना दोन चादरी दिल्या होत्या. पातळ वाटली तर जाड बांधा, असं सांगितलं होतं. वारा सुटला होता, शेजारच्या ट्रेलरचा एसी घरघरत होता. सुधाकर गाडीच्या मागं वाकला असेल, ह्या समजुतीनं मी मान न वळवता ओरडले,

"हिच लावली का नीट?"

मागून आईंचा आवाज आला, "हो वो बाई, हीच लावली!"

"घट्ट बसली ना?"

"लय घट्ट. आता निंगत नाही."

सुधाकर बाहेरून सांगतोय आणि आई आतून निरोप पोचवतायत, असं मला वाटलं. चहातला च वेगळा आणि चमच्यातला च वेगळा, हे मराठी माणसाला कळायला हवं. पण त्या वाऱ्यात चहाही उडाला आणि चमचाही.

सुधाकर आला, शेजारी बसला. "झालं सगळं?"

"झालं. घट्ट बसलीये, आईंनी सांगितलं."

त्यानं मागं वळून आईंकडे बघितलं. त्या दोन गाद्यांच्या मध्ये खरोखरच घट्ट बसल्या होत्या. त्यानं मान डोलावली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि झोपला.

गाडी सुरू केली आणि काय सांगू! लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. शेजारचे आजी-आजोबा ट्रेलरमधून धावत बाहेर आले. आजोबा सपातांवर आणि आजींच्या हातात उलथनं. दोघंही दोन्ही हात वर करून हलवत होते.

"पाह्य माय, किती जीव लावते लोकं!" आई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकीतून दोन्ही हात जोडले. "जय भीम! जय भीम!"

मीही हात हलवला. आजोबा आणखी जोरात धावले. आम्ही आणखी जोरात हात हलवले.

हायवेला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की काटा हलतच नाहीये. चढ आला. एरवी चढावर गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकायची, आज गुणगुणत चढली. मी सुधाकरला हलवलं.

"अहो, उठा. बघा. पायाचा अंदाज लागतो म्हणतात तो हा. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, मी त्याला नुसतं विचारते."

"हं," टोपीखालून आवाज आला.

"आणि खलबत्ता घरी ठेवल्याचा परिणाम आता दिसायला लागलाय."

मागं आईंनी लुगड्याचा घोळ जरा पायांवर ओढून घेतला. का, ते मला नंतर कळलं.

"प्राची, काटा बघ!"

प्राचीनं एक कान मोकळा केला. "मॉम, इट्स अ गॅस गेज. इट्स नॉट अ टुरिस्ट स्पॉट."

कदर नसलेल्या माणसांत मी एकटीच आनंदात होते. मनातल्या मनात मी पुढच्या वर्षीची सहलसुद्धा ठरवून टाकली. कॅम्परनंच!

चांगलं लांब गेल्यावर आईंसाठी एका पंपावर थांबायचं ठरलं. कॅम्पर घेऊन पंपावर वळणं ही एक कला आहे. मी केवढा तरी मोठा वळसा घेतला, दोन पंप अडवले आणि मागं कॅम्परपुरती जागा सोडून गाडी थांबवली. आई आणि प्राची बाथरूमकडे गेल्या. मी थेट भिंतीवरच्या फोनकडे गेले आणि भिंतीकडे तोंड करून काकांना फोन लावला.

"काका, जय भीम! मंदा बोलतेय."

"जय भीम, जय भीम. कसा आहे तो?"

"अहो काका, काय हलका चालतो हो तुमचा कॅम्पर! मागे आहे असं वाटतच नाही!"

"आँ? चढावर?"

"चढावरसुद्धा! काटा हलत नाही!"

काका भरल्या आवाजात म्हणाले, "मंदा, एवढी वर्षं मी चालवला, पण मला नाही जमलं. हात लागतो बाई. मी सगळ्यांना सांगणार."

मी तरंगत गाडीकडे आले. मागं एक पिकअपवाला थांबला होता, काऊबॉय टोपीतला. तो नम्रपणे म्हणाला, "मॅम, गाडी जरा पुढं घ्याल का?"

मी त्याहून नम्रपणे सांगितलं, "सॉरी, आमचा कॅम्पर आहे ना मागं."

त्यानं आमच्या गाडीच्या मागं बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. टोपी काढली आणि पुन्हा गाडीच्या मागं बघितलं.

"व्हॉट कॅम्पर, मॅम?"

"दॅट कॅम्पर," म्हणत मी अंगठा खांद्यावरून मागं केला आणि वळले.

मागं साउथ डकोटा होतं. आडवं, सपाट, क्षितिजापर्यंत. मध्ये काहीच नव्हतं.

"अहोऽऽ!"

सुधाकर टोपीसकट बाहेर पडला. मला एकच दिसत होतं : काकांचा कॅम्पर कुठल्या तरी उतारावरून एकटाच निघालाय, समोरून लोक येतायत... सुधाकरनं वाकून गाडीमागचा, हिच ज्यावर बसते तो लोखंडी गोळा बघितला, वायरचं लोंबतं टोक बघितलं.

"सुटलेला नाही. सुटला असता तर साखळी तुटून लोंबली असती. हा लागलाच नव्हता." तो सावकाश उभा राहिला. "हिच कुणी लावली होती?"

"तुम्ही!"

"मी पैसे भरायला गेलो होतो. तुला म्हणालो, मागचं बघ."

"मग आईंनी कसं सांगितलं, लावली म्हणून?"

एवढ्यात आई आल्या. आम्ही दोघांनी एकदमच विचारलं, "आई, हिच लावली म्हणालात ना?"

"हो मग! लावली ना," त्या म्हणाल्या आणि मागच्या काचेकडे अभिमानानं बोट केलं. "हे काय! हीच. जाड वाली. पातळ नाही लावली."

वाऱ्यावर चादर हललीसुद्धा नाही. लय घट्ट बसली होती.

पिकअपवाल्याला प्राचीनं सगळं इंग्रजीत समजावून सांगितलं. तो हसला नाही. नुसता टोपीत तोंड घालून बराच वेळ उभा राहिला.

परतीला सुधाकरनं स्टिअरिंग घेतलं. वजनबंदी, वेगबंदी, एसीबंदी, सगळं एका झटक्यात उठलं. काचा वर, एसी पूर्ण, ॲक्सिलरेटर जमिनीला. काटा डोळ्यांदेखत खाली येत होता आणि मी चकार शब्द काढत नव्हते. मला फक्त काकांचा भरला आवाज ऐकू येत होता : 'मी सगळ्यांना सांगणार.' कॅम्पर तिथं नसला तर त्या माणसाला काय तोंड दाखवणार होते मी?

आईंनी मागून हळूच विचारलं, "आता गॅस नाही वाचवाचा का?"

सुधाकर म्हणाला, "आई, आता अब्रू वाचवायची आहे."

कॅम्पर होता! जागच्या जागी. शेजारी आजोबा घडीच्या खुर्चीवर, हातात कॉफी, राखणीला बसले होते. आमच्या जागेवर उतरायला आलेल्या एका कुटुंबाला त्यांनी पलीकडे थांबवून ठेवलं होतं. आम्ही उतरलो.

"वी वेव्ह्ड," आजोबा म्हणाले.

"वी वेव्ह्ड बॅक," मी म्हणाले. आणखी काय म्हणणार?

आजीबाईंनी आईंना मिठी मारली. परत आलेली मैत्रीण आणि उरलेला पाय, सोहळाच झाला.

ह्या वेळी हिच लावायला सगळे जमले. मी गोळ्यावर कॅम्परचं तोंड बसवलं, पण वरची खीळ काही आत जाईना. सुधाकरनं लाथ मारून पाहिली, आजोबांनी इंग्रजीत काहीतरी पुटपुटून पाहिलं. तेव्हा आई गाडीकडे गेल्या आणि लुगड्याआड काहीतरी घेऊन आल्या. लोखंडी बत्ता!

"आई! हा तर मी कपाटात ठेवला होता!"

"तू ठेवला. मी काढला. पायाखाली होता, तुह्या डोक्यावर थोडीच होता!" आणि त्यांनी खिळीवर एकच घाव घातला. खट्!

"आता लागली," त्या म्हणाल्या. "हीच का ते तुमची हिच?"

मी वाकून पाहिलं. मग सुधाकरनं पाहिलं. मग मी पुन्हा पाहिलं.

यलोस्टोनला पोचलो. जमिनीतून पाणी उसळलं, आभाळापर्यंत गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई बराच वेळ वर बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार.

"बाप्पा," त्या म्हणाल्या, "येवढा गॅस फुकट चालला!"

सून म्हणून मला इतकं समाधान पूर्वी कधी मिळालं नव्हतं.

पैज मी हरले, हे वेगळं सांगायला नको. घरातली काटकसर सुधाकरकडे गेली. पहिल्याच शनिवारी तो डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांत स्वस्त वांगी आणायला गेला आणि पार्किंगचा दंड भरून आला. सोमवारी खातं परत माझ्याकडे आलं.

काकांना मात्र मी काही सांगितलं नाही. कॅम्पर ओरखड्याशिवाय परत केला, त्यांनी त्याला कुरवाळलं, प्रकरण मिटलं असं मला वाटलं. पण काका शब्दाचे पक्के. पुढच्या जयंतीच्या कार्यक्रमाला, शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये, भर जेवणात त्यांनी माझं मायलेज जाहीर केलं आणि विचारलं, "मंदा, सांग सगळ्यांना, कसं जमवलंस?"

मी तोंड उघडायच्या आत प्राची म्हणाली, "इझी, काका. शी लेफ्ट द कॅम्पर."

काकांचा घास हातातच राहिला. मग ते असे हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्याला आता वर्षं झाली. पण अजूनही कार्यक्रमात कुणी नवं जोडपं आलं, की जेवणाच्या रांगेत कुजबुज होते. "ती कॅम्पर मागे ठेवून मायलेज सांगायला फोन करणारी बाई कोण हो? आज आलीये का?"

आणि माझ्या शेजारी ताट घेऊन उभा असलेला सुधाकर, मान न वळवता, माझ्याकडे चमचा करतो.

"हीच."

ही 'हीच' मात्र त्यानं लावली आहे, आणि कबूल करते, लय घट्ट बसली आहे. बत्ता मारूनसुद्धा निंगत नाही.